पीक: कोळसा

वणीला जाऊन आलो म्हटलं की आमच्या पिंपळगाव बसवंतला माणूस आधी हात जोडतो आणि मग प्रसाद मागतो. आमच्या लेखी वणी एकच, सप्तशृंगीच्या वाटेवरची. मी गेलो होतो ती वणी पार यवतमाळ जिल्ह्यात, कोळशाच्या खाणींची. हे मी गल्लीत घरोघर समजावून सांगितलं, तरी निघायच्या दिवशी शेजारच्या काकूंनी खणा-नारळाची पिशवी हातात ठेवलीच. "आईला आमचाही नमस्कार सांगा." मी म्हटलं, काकू, तिथं गड नाही, खड्डा आहे. तर म्हणाल्या, "तुम्ही न्या तर खरं." नेली मग. आमच्या गल्लीत काकूंपुढं भूगोल चालत नाही.

ज्यांनी ती वणी पाहिलेली नाही, म्हणजे आमच्या तालुक्यातले झाडून सगळे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात खाणीपेक्षा माझ्या शहाणपणाचंच वर्णन जास्त निघालं तर सांभाळून घ्या. माझा इलाज नाही, प्रवासात ते सगळीकडे माझ्या बरोबर होतं.

मी विलास, धंद्याने द्राक्षबागायतदार. मुलगी ऋतुजा, घरात ऋता. ती नाशकात गंगापूर रोडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि भूशास्त्रात एम.एस्सी. करते. शेवटचं वर्ष. तिच्या प्रोजेक्टचा विषय, कोळशाच्या थरात मौल्यवान धातू कसे गोळा होतात. ही गोष्ट पिंपळगावात फुटल्यावर बाजार समितीत लोक मला बाजूला घेऊन हळूच विचारायला लागले, "विलासशेठ, कोळशात सोनं निघतंय म्हणे?" मी गूढ हसायचो. मला तरी कुठं काय माहीत होतं!

आता खरी गोष्ट सांगतो. ऋताचं आणि माझं बोलणं झालं होतं. खाणीतले नमुने नीट मिळाले, तर त्यांवर काम करून ती पुढं संशोधनाला झारखंडला जाणार होती. नाही जमलं, तर परत आल्यावर सोमवारी आमच्या मित्राच्या, बाळासाहेबाच्या, पॅकहाऊसच्या लॅबमध्ये मुलाखत द्यायची आणि पिंपळगावातच राहायचं. निर्यातीच्या द्राक्षांत औषधाचा अंश किती उरलाय ते तपासायची नोकरी. घरापासून मोटारसायकलवर दहा मिनिटं. मुलाखत नावालाच होती, बाळासाहेबाला मीच गळ घातली होती. एकुलती एक पोर, झारखंडला गेली की दिवाळीला येणार, चार दिवस राहणार आणि आपण स्टेशनवर जाऊन हात हलवणार. मला ते नको होतं. मनात मी देवाला रोज सांगत होतो, खाणीत काही मिळू देऊ नको. आणि तोंडाने तिला म्हणालो, "एकटी कशाला जातेस, मी येतो मदतीला."

बायको म्हणाली, "मण्यांत पाणी उतरायचे दिवस, बाग सोडून कुठं चालले?" मी म्हणालो, पोरीच्या शिक्षणापुढं बाग काय! तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

रेल्वेत, डबा उघडल्यावर

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही, जेवण सोडून. मनमाड मागे पडल्यावर आम्ही डबा उघडला. बाजरीची भाकरी, मटकीचा रस्सा, ठेचा. ऋता खुशीत होती. मी विचारलं, "कोळशात धातू येतातच कुठून?"

"पप्पा, कोळसा म्हणजे फार पूर्वीची दलदल," ती म्हणाली. "झाडं पडली, पाण्यात कुजली, वर गाळ बसत गेला. कुजलेल्या झाडांत ह्युमिक ॲसिड तयार होतं."

"थांब!" मी म्हणालो. "ह्युमिक मला शिकवू नको. आयुष्यभर ड्रिपमधून सोडतोय मी."

"मग तुम्हाला समजेलच. ते बागेत काय करतं?"

"जस्त, लोह धरून ठेवतं. पाण्याबरोबर वाहून जाऊ देत नाही."

"तेच. आजूबाजूच्या खडकांतून झिरपून येणाऱ्या पाण्यात धातू असतात, पण नावापुरते. जर्मेनियम म्हणा. एका बादलीत बघाल तर नसल्यात जमा. पण पाणी लाखो वर्षं झिरपत राहिलं आणि दलदल ते पकडत राहिली. पुढं दलदलीचा कोळसा झाला, धातू आतच राहिला. काही धातू कोळशातल्या चिकणमातीत बसतात, गॅलियम जास्त करून तिथं. कोळसा जाळला की कोळसा जातो, यातलं बरंच राखेत, धुराबरोबर उडणाऱ्या बारीक राखेतसुद्धा, उरतं, म्हणजे राखेत प्रमाण आणखी वाढतं."

"आणि या जर्मेनियमचं करतात काय?"

"तुमच्या घरी इंटरनेटची जी वायर आलीय ना, तिच्यातल्या काचेच्या धाग्यात असतं. अंधारात बघायच्या कॅमेऱ्यांच्या भिंगात असतं. आपल्या देशात बाहेरूनच येतं."

मला एकदम भरून आलं. माझी पोर, आणि काय काय बोलते! समोरच्या बाकावरचे गृहस्थसुद्धा पेपर खाली ठेवून ऐकत होते. मी त्यांच्याकडे अभिमानाने वळलो आणि माझ्या कोपराने रस्सा पाडला. अर्धा माझ्या पांढऱ्या पायजम्यावर, अर्धा त्यांच्या पेपरवर. ऋता हातात भाकरीचा तुकडा धरून पुढचं काहीतरी समजावत होती, भाकरी कडेने कशी भिजते वगैरे. मी पायजमा पुसत "बरोबर, बरोबर" म्हणत होतो. ते एक वाक्य नीट ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

वणी

वर्ध्याला उतरून एस.टी.ने दुपारी वणीत पोचलो. सपाट मुलूख, कापसाची शेतं, मोठ्या रस्त्यावर ताडपत्री बांधलेल्या कोळशाच्या ट्रकांची रांग. झाडांच्या पानांवर काळी भुकटी. आमच्याकडे रस्त्याकडेच्या झाडांवर कांद्याची टरफलं उडून बसतात, तसंच म्हणायचं. बोली कानाला वेगळी. लॉजवाला म्हणाला, "काहून उभे हा भाऊ, बसा नं." आमच्याकडे गिऱ्हाईकाला आधी आधारकार्ड विचारतात, इथं आधी बसवतात आणि पाणी देतात, कार्ड नंतर. हे मला आवडलं.

सकाळी नाश्त्याला तर्री पोहे. पोह्यांवर लाल तेलाचा तवंग असलेला हरभऱ्याचा रस्सा ओततात. गाडीवाल्याने विचारलं, "तर्री कमी टाकू का?" मी म्हणालो, "तिखटाचं आम्हाला सांगू नका, नाशिकची मिसळ खाऊन मोठे झालो." दुसऱ्या घासाला उचकी लागली. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. गाडीवाल्याने न बोलता पुढ्यात केळं ठेवलं. ऋता तीच तर्री दुसऱ्यांदा मागून घेत होती.

खाण

खाणीत जायला मी काय घालून गेलो होतो विचारा. पांढरा, स्टार्च केलेला, कडक इस्त्रीचा शर्ट. आमच्याकडे कुठल्याही ऑफिसात जायचं तर पांढरा शर्ट घालतात, माणूस वजनदार वाटतो. खाणीवरचे भूशास्त्र अधिकारी ढवस साहेब गेटवर भेटले. त्यांनी शर्टकडे पाहिलं, ऋताकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबुजी लग्नाले आले काय?" मग मला हेल्मेट, नारिंगी जॅकेट आणि दोन साइज मोठे गमबूट दिले. त्या बुटांत मी पाय टाकला की बूट जागेवर राहायचा आणि पाय पुढं जायचा.

मी ढवस साहेबांसाठी आमच्या बागेतली द्राक्षं नेली होती. हंगामाला अजून अवकाश, गोडी भरलेली नव्हती, पण रिकाम्या हाताने कसं जायचं? त्यांनी एक मणी तोंडात टाकला, एक डोळा मिटला आणि "मस्त हाये" म्हणून पेटी शिपायाकडे दिली.

आता खाणीचं. मी समजत होतो बोगदा असेल, आत दिवे, ट्रॉली. तसं नाही, उघडी खाण. जमिनीत अख्खं पिंपळगाव बाजारपेठेसकट मावेल एवढा खड्डा, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला. तळाला चालणारे डंपर वरून खेळण्यातले दिसतात. कोळशाचा मुख्य थर तीनमजली घराएवढा उंच. मी तो बघून तोंडात बोट घालून उभा राहिलो, पण ऋताला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता त्याच्या वरच्या पायरीवरचा पातळ थर, माणसाच्या उंचीचा. खाणवाल्यांना त्यात फार रस नसतो. खालच्या मोठ्या थराकडे जाताना तो दगडमातीबरोबर काढून टाकतात.

"आज संध्याकाळीच मशीन लागते इथं," ढवस साहेब म्हणाले. "दुपारपर्यंत काय घ्यायचं ते घेऊन टाक पोरी."

तिने काम कसं केलं ते मला जन्मभर आठवेल. आधी थराचा दर्शनी भाग खरवडून स्वच्छ केला. मग वरपासून खालपर्यंत एक सरळ पट्टी आखली आणि छिन्नी-हातोड्याने वीत-वीत कोळसा काढत खाली आली. प्रत्येक टप्प्याचा माल वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर. मध्ये चिकणमातीची बोटभर पट्टी होती, तिचीसुद्धा वेगळी पिशवी. मी खाली ताडपत्री धरून उभा होतो. दर वेळी छिन्नी नवीन टप्प्याला लागायच्या आधी ती ताडपत्री झाडून घ्यायची. मी म्हणालो, "अगं, एवढ्याशा चुऱ्याने काय होतं?" ती म्हणाली, "पप्पा, ताडपत्री."

तिच्या चेहऱ्यावर काळे पट्टे ओढले होते आणि ती गुणगुणत होती. घरी द्राक्षांच्या हंगामात तिला कधी गुणगुणताना पाहिलं नव्हतं. मला ते बघून बरं वाटलं आणि लगेच झारखंड आठवलं, कारण नमुने झकास मिळत होते.

लॉजचं अंगण

दुपारी लॉजवर आलो. पिशव्यांचं गाठोडं मी उचललं होतं आणि माझी कंबर धरली होती. ऋता ढवस साहेबांच्या ऑफिसात पास परत द्यायला आणि कागद झेरॉक्स करायला गेली. जाताना म्हणाली, "पिशव्यांकडे लक्ष ठेवा हं."

लक्ष मी ठेवलं. गरजेपेक्षा जास्त ठेवलं.

माझ्या मनात आलं, एवढं ओझं ही पोर नाशिकपर्यंत नेणार कशी? आणि लॅबवाल्याला एवढा कोळसा लागतोच कशाला? आमच्याकडे माती परीक्षणाला नमुना कसा घेतात ते कुठल्याही बागायतदाराला झोपेतून उठवून विचारा. बागेतून नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घ्यायची. सगळी गोणपाटावर एकत्र करायची, ढेकळं फोडायची, चांगली कालवायची. मग गोल पसरून बोटाने चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. याला चौथाईची पद्धत म्हणतात. मी या कामात आमच्या शेतकरी गटात नावाजलेला आहे, नवीन पोरांना मीच शिकवतो.

लॉजवाल्याकडून स्वच्छ गोणपाट मागून घेतलं. सगळ्या पिशव्या त्यावर ओतल्या. मोठे खडे विटेने ठेचले. कालवलं. पसरलं. चार भाग केले. किती मन लावून! चिकणमातीची पट्टीसुद्धा एकजीव केली, कुठं गोळी राहू दिली नाही.

टाकून द्यायचे भाग टाकायचे कुठं? लॉजच्या फाटकाशी शोभाताईंची चहाची टपरी होती, कोळशाच्या शेगडीवर चालणारी. त्यांना विचारलं, "ताई, कोळसा देऊ का?" त्या म्हणाल्या, "अन् नाही कोन म्हनन भाऊ!" त्यांनी घमेलं पुढं केलं, मी भरलं. त्यांनी मला फुकट चहा पाजला. चांगला होता, आलं घातलेला.

उरलेला अर्धा किलो नव्या पिशवीत भरला आणि चिठ्ठी लिहिली, आमच्याकडे लिहितात तशीच. शेतकऱ्याचे नाव: ऋतुजा. गाव: वणी. गट नंबरला अडलो, तिथं 'खाण' लिहिलं. पीक: कोळसा. मागील पीक: जंगल. या शेवटच्या ओळीवर मी स्वतःच खूश होऊन हसलो. पोर म्हणेल, पप्पांना विषय समजला.

ऋता आली ती थेट टपरीवर. शोभाताईंनी तिच्या हातात ग्लास दिला. दोन घोट घेऊन तिने विचारलं, "पिशव्या खोलीत ठेवल्या का?"

मी ती एक पिशवी पुढं केली. "झालं तुझं काम! आता पर्समध्ये मावेल."

तिने चिठ्ठी वाचली. पिशवी उलटी-सुलटी केली. मग अगदी हळू विचारलं, "बाकीचा कुठाय?"

मी शेगडीकडे बोट दाखवलं.

तिने शेगडीकडे पाहिलं, मग हातातल्या चहाकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला.

"पप्पा, भाकरीचं उदाहरण दिलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली. "जाड भाकरी रश्श्यात टाकली की वरचा पापुद्रा भिजतो, खालचा भिजतो, मधलं कोरडं राहतं. कोळशाचंही तसंच असतं. धातूचं पाणी वरच्या आणि खालच्या वाळूतून येतं, म्हणून थराची वरची वीत आणि खालची वीत धातू पकडते, मध्ये फारसं पोचतच नाही. मला तेच दाखवायचं होतं, कुठल्या वितेत किती. तुम्ही कडा आणि मधलं एक केलंत. आता यातून फक्त सरासरी निघेल. सरासरीला कोण विचारतं?"

"परत जाऊन घेऊ की," मी म्हणालो.

"आपण पोचेपर्यंत मशीन लागलेलं असेल."

शोभाताई चिमट्याने शेगडीतले निखारे बाहेर काढायला लागल्या. "अव माय, मले काय ठाऊक," असं त्या परत परत म्हणत होत्या. ऋता म्हणाली, "राहू द्या ताई, उपयोग नाही. जर्मेनियमचा बराचसा भाग धुरातच गेला असेल." मग ती माझ्याकडे वळली.

"मुद्दाम केलंत का?"

बाप म्हणून मी बरंच ऐकून घेतलंय. हे ऐकून मी टपरीच्या बाकड्यावर बसलो. "नाही गं," म्हणालो. पण ते माझ्याच कानाला खोटं वाटलं. नमुने गेले म्हणजे झारखंड गेलं, झारखंड गेलं म्हणजे पोर पिंपळगावात. रोज देवाला मी हेच तर मागत होतो. ऋता खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

बायकोला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुम्हाला ती इथं पाहिजे हे मला माहीत, तिला माहीत, बाळासाहेबाच्या वॉचमनलापण माहीत. मग तिनं दुसरं काय समजायचं?"

"पण मी खरंच मुद्दाम नाय केलं!"

"ते मला कशाला सांगता? तिला दाखवा."

ढवस साहेबांचं ऑफिस

सकाळी मी ऋताला म्हणालो, चल. ती आली, पण रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली. ढवस साहेबांच्या टेबलापुढं उभं राहून मी सगळं सांगितलं, हात जोडून, गोणपाट, वीट, चौथाई, चहा, काही लपवलं नाही.

ते आधी मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "पीक कोळसा!" ते म्हणाले. "मागील पीक जंगल! बाप्पा रे!" डोळे पुसत त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना बोलावलं. "भाऊ, यायले पन सांगा नं एकदा." मी त्या दोघांना पुन्हा सगळं सांगितलं. तिघं हसत होते. माझे कान तापले होते, पण मनात म्हटलं, हस बाबा, पण थर दाखव.

हसून झाल्यावर ढवस साहेब गंभीर झाले. कालचा थर संध्याकाळीच निघाला होता. पण खाण पुढं सरकत होती, तोच थर पुन्हा उघडा पडणार होता. "पंधरा दिवस लागन, कदाचित वीस. नक्की नाई सांगता येत. उघडला का अर्ध्या दिवसात घ्या लागते. नाशिकहून येतो म्हनान तर नाई जमायचं, इथंच राहा लागन."

"राहायचं कुठं?" मी विचारलं.

"माया घरी. माही पोरगी नागपूरले शिकते, तिची खोली रिकामीच हाये. बायकोले सोबत होईन."

"एवढ्या लांब ठेवली पोरगी?"

"काय करता भाऊ," ते म्हणाले, "तिले जे शिकायचं हाये ते इथं शिकवत नाई नं."

ऋता खिडकीबाहेर बघत होती. भिंतीशी बोलावं तसं ती म्हणाली, "सोमवारी मुलाखत आहे."

खरं सांगतो, माझ्या मनात आलं. आलंच. नुसतं "हो ना, मुलाखत आहे, चला" एवढं म्हणायचं होतं. ती आली असती. प्रोजेक्ट कसाबसा पुरा केला असता, लॅबचा पांढरा कोट घातला असता, रोज संध्याकाळी घरी जेवायला आली असती. कुणी मला नावं ठेवली नसती. ताट वाढून पुढ्यात ठेवलेलं होतं, आणि वाढलंही मीच होतं.

मग मला ती खाणीत गुणगुणत होती ते आठवलं. मी फोन काढला, बाळासाहेबाला लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाळ्या, ऋता सोमवारी येत नाही."

"बरं, मग बुधवारी पाठव."

"बुधवारीही नाही. दुसरं कुणी बघ तू."

"येडा झाला का विलास? महिनाभर तूच डोकं खात होतास ना माझं, पोरीला इथं चिकटव म्हणून?"

"खात होतो," मी म्हणालो. "आता नाही खाणार." आणि फोन ठेवला.

ऋताने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. ढवस साहेबांनी चहा मागवला, आणि चहा आल्यावर पुन्हा हसायला लागले.

वणी बसस्थानक

दुपारच्या गाडीने मी एकटा निघालो. काकूंचा खण-नारळ ढवस वहिनींच्या ओटीत गेला, त्याही एका पोरीची आईच, तेव्हा काकूंनी विचारलंच तर मला खोटं बोलावं लागणार नाही. हे लिहितोय तेव्हा ऋता अजून तिथंच आहे, थर अजून उघडायचाय. फोनवर आईला म्हणते, वडा-भात फार छान करतात ढवस काकू. बागेत मण्यांत पाणी उतरलंय आणि मी दिवसातून दोनदा विदर्भाचं हवामान बघतो.

त्या दिवशी स्टँडवर तिने माझ्यासाठी संत्री घेतली, पाण्याची बाटली घेतली, खिडकीची जागा धरून दिली. मी आत बसलो, ती खाली खिडकीशी उभी राहिली. औषधं घेतली का, वर्ध्याला उतरायचं विसरू नका, असलं सगळं बोलून झालं. ड्रायव्हर चढला.

"ऋता," मी म्हणालो, "खरंच मुद्दाम नव्हतं गं ते."

"माहितीये पप्पा," ती म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर इतकं नीट केलं नसतंत."

आणि हसली. काल दुपारनंतर पहिल्यांदा.

गाडी हलली. ती फलाटावर उभी राहून हात हलवत होती, ओढणी खोचलेली, पायांत ढवस वहिनींच्या चपला. मला तिला हाक मारावीशी वाटली, चल घरी म्हणून. मी खिडकीची काच ओढून घट्ट लावून घेतली.